ओ आली का बघा

घंटी वाजली की अजून माझा हात पयला पोरीच्या दंडावर जातो. शाळंची असू द्या, देवळातली असू द्या, यष्टीतल्या कंडक्टरची असू द्या. पोरगी वराडती, "आये, दुखतंय की!" मग सोडते. आन् दर वक्ताला मला वझे सर आठवत्यात. आसा भित्रा मानूस मी बगितला न्हाई. मी सोता काय कमी भित्री न्हाई, म्हनून तर त्यांचं माझं जमलं.

मी चवथीपतोर शिकलेली, म्हसवडची. म्हायेरात मेंढरं व्हती. लगीन झालं आन् माधवनगरला आले. आमचं मालक, म्हंजी माझा नवरा, त्ये बी म्हसवडचंच, तितं कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. मागच्या अंगाला एक खोली दिलीती. पोरगी मंगल अजून कडंवरच व्हती, बोलत नव्हती. मला हापिसात चा करायचं आन् फरशी पुसायचं काम मिळालं. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई. आमच्यात घेतच न्हाईत. त्यात त्यांचं नाव आमच्या गावच्या देवाचंच, म्हनून देवाचं बी नाव मला घेता येत न्हाई, नुसतं "म्हसवडचा देव" म्हनायचं आन् हात जोडायचं. कारखान्यात त्यास्नी समदी म्हसवडकरच म्हनायची.

ह्यांचं काम कुकरवर. कुकर म्हंजी घरातला न्हवं, बंद टाकं, मानूस उभा मावंल एवढं. त्यात रंगाचं पानी, कापड, आन् वाफ कोंडून कोंडून तापवायचं. तापलेलं आसताना झाकन उघडलं तर समूर उभा आसलेला मानूस ऱ्हात न्हाई. आसं मला पयल्याच दिशी बंडानं सांगितलं. बंडा ह्यांच्या जोडीचा, बोलायला लय वांड. "वैनी, शिजतोय गड्या मानूस, बटाट्यावानी," म्हनला आन् हसला. तवापासनं मला त्या झाकनाची सपनं पडायची. खोलीत भाकरी थापताना बी माझा एक कान तिकडंच. पाळी सुटून ह्यांच्या चपला दारात वाजल्या की मग माझा श्वास खाली यायचा.

कुकर गार झाला की घंटी वाजवून सांगायला शेठनी कम्पुटर आनला. आन् कम्पुटरच्या मागनं वझे सर आले, साताऱ्यासनं. दर सोमवारी यष्टीनं यायचे, शुक्करवारी जायचे.

बारीक अंग, उन्हाळ्यात बी स्वेटर, चष्म्याला दोन्ही बाजूनं दोरी बांधलेली. खुर्चीवर बसायच्या आदी खुर्ची धरून हलवून बगायचे. चा आला की पयलं कप कम्पुटरपासनं लांब, खिडकीत ठेवायचे, मग तिकडं जाऊन उभ्यानं प्यायचे. पालीला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, विजेच्या बटनाला पेन्सिलीनं दाबायचे. रस्ता वलांडायचा म्हंजी तर तमाशाच. कारखान्याच्या समूर रस्ता केवढा, दोन गाड्या जातील आसा. सर पलीकडं छत्री घेऊन उभे. इकडं बघा, तिकडं बघा, परत इकडं. म्हशी जायच्या, सायकली जायच्या, हे तितंच. बंडा गेटातनं वराडायचा, "सर, या आता, रस्ता झोपला!" कामगारांनी त्यास्नी नाव ठेवलं ससा. सरास्नी ठाव व्हतं. ते म्हनायचे, "बरोबर आहे. ससा जगतो."

आत आले की पयली हाक मंगलला. "मंगलबाई!" आन् थांबायचे. पोरगी अंगठा चोखत बगत बसायची. मी म्हनायची, "बोलत न्हाई वो अजून ती." "असू दे. मी थांबतो. हाक मारली की ओ येईपर्यंत थांबायचं असतं." आन् खरंच थांबायचे, हातातली छत्री टपटप गळत आसली तरी. मग "बरं, उद्या," म्हनून आत जायचे.

एकदा मी इचारलं, "सर, ह्या डब्यासंगं दिसभर काय बोलता वो तुमी?"

दुसरा कुनी आसता तर हसला आसता. सर वळून बसले. "वहिनी, ह्याच्या आत दोन प्रोग्राम आहेत. एक पक्का. तो मी लिहिला आणि मग यंत्राच्या भाषेत भाजून काढला, कुंभार मडकं भाजतो तसा. आता त्यात बोट घालून आकार बदलता येत नाही. तो जोरात चालतो, घंटी तोच वाजवतो. दुसरा कच्चा. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. तो भाजलेला नाही, नुसता लिहिलेला. वाचत वाचत चालतो, पाहिजे तेव्हा खोडा, पाहिजे तेव्हा लिहा. कुकरमधली उष्णता मोजायची नळी जुनी आहे, तिचा हिशेब दर आठवड्याला बदलावा लागतो. म्हणून तो हिशेब मी कच्च्यात ठेवलाय, ह्या फ्लॉपीवर, ह्या चौकोनी चकतीवर. पक्का आपलं काम करता करता कच्च्याला नावानं हाक मारतो."

"आन् कच्चा ओ देतो?"

सर ताडकन उभे ऱ्हायले. मला वाटलं काय चुकलं का काय. "हेच! वहिनी, हेच! सगळे हाक मारायला शिकतात. ओ आली का, ते कुणी बघत नाही."

मग त्यांनी मंगलची ताटली घेतली, तिच्यात दोन शेंगदाने ठेवले. "हे आकडे. पक्का ताटात आकडे वाढतो, हाक मारतो. कच्चा ताट घेतो, हिशेब करतो, आत किती गरम आहे ते उत्तर ताटात घालून ताट परत देतो. आता मला सांगा, कच्चा घरातच नसला तर?"

"ताट रिकामं यील."

"आणि पक्क्याला रिकामं ताट कळत नाही. त्याला तिथं शून्य दिसतं. आत किती गरम? शून्य. म्हणजे थंडगार. म्हणजे वाजवा घंटी, उघडा झाकण."

मी ती ताटली त्यांच्या हातातनं ओढून घेतली. ताटली तशीच धरून ऱ्हायले. तेवढ्यात मंगलनं एक शेंगदाना तोंडात टाकला आन् माझ्या आदी सरच वराडले, "काढा! काढा! घशात जाईल!" मी बोट घालून काढला. दोघंबी घाम पुसत बसलो. सर म्हनले, "वहिनी, भीती वाटते ना? मग ती वाया घालवायची नाही. कामाला लावायची."

मला आजवर कुनी आसं सांगितलं नव्हतं. घरी समदी म्हनायची, भिऊ नगं, भिऊ नगं, जसं काय ते माझ्या हातात हाय.

म्हनून मी बी त्यास्नी आमच्याकडची गोष्ट सांगितली. दिवं लागल्यावर भाईरनं कुनी हाक मारली तर आमच्यात पयल्या हाकंला ओ देत न्हाईत. भूत बी हाक मारतं, पन तीनदा मारत न्हाई. तिसरी हाक आली की समजायचं, मानूस हाय. सरांनी हळूच इचारलं, "नक्की तीनदा मारत नाही ना?" मी म्हनले, "न्हाई. आज्जी सांगायची." तर फुडच्या सोमवारी आल्या आल्या सांगत्यात, "वहिनी, आता आमचा पक्का तीन हाका मारतो. फ्लॉपी म्हातारी आहे, पहिल्या हाकेला उठत नाही. तिसरीलाही ओ नाही आली तर घंटी नाही. लाल दिवा." बंडा म्हनला, "घ्या! सशानं कम्पुटरात भूत घातलं."

पन त्या लाल दिव्यामुळं मला झोप लागायला लागली.

आन् त्याच लाल दिव्यामुळं शेठ तापायला लागले. फ्लॉपी कवा कवा वाचायचीच न्हाई. दिवा लागायचा. मग सर यायचे, फ्लॉपी काढायचे, स्वेटरला पुसायचे, घालायचे. तवर कापड रंगात पडून. एक दिस शेठ हापिसात आले तवा मी फरशी पुसत व्हते. "सर, माल काळा पडाय लागलाय माझा. तुमचा दिवा बगायला कुकर घेतला का मी?"

"शेठ, ओ आल्याशिवाय पुढं जाणं म्हणजे..."

"ते ओ बी मला नको आन् ठो बी नको. दसऱ्यानंतर कारखाना चालू हुईल तवा मला तो दिवा दिसता कामा नये. न्हाईतर पुन्यासनं दुसरा मानूस आनतो."

सरांच्या हातात पान्याचा पेला व्हता. तो त्यांनी कम्पुटरपासनं लांब, खिडकीत नेऊन ठेवला. ते "बरं" म्हनले. एवढंच.

सांजच्याला कपबशा न्यायला गेले तर ते अंधार पडत आला तरी बत्ती न लावता बसलेले. "वहिनी, मी ती ओळ काढली."

"कंची?"

"ओ आली का, ते बघायची. काढली आणि पक्का परत भाजला."

"मग घाला की परत!"

"मला शेठची भीती वाटते, वहिनी." आन् मंग माझ्याकडं न बगता म्हनले, "म्हसवडकरांना सांगा, नुसत्या घंटीवर जाऊ नका. कुकरवर उष्णतेचा काटा आहे, त्याच्याकडं बघा."

मी सांगितलं की ह्यास्नी. जेवताना सांगितलं, पोरीला पाजताना सांगितलं, सकाळी चपला घालताना सांगितलं. हे म्हनले, "काट्याची काच पांढरी झालीया वाफंनं, काय दिसतंय त्यात? घंटी वाजली की झाकन. एवढी सालं काम करतोय मी. सशासंगं ऱ्हाऊन तू बी ससी झालीस."

खंडेनवमीला कारखान्यात समद्या हत्यारांची पूजा आसती. पाने, हातोडे, तराजू, कुकर, समद्यास्नी धुवून, हळदकुकू, झेंडूच्या माळा. शेठची आई, माईसाहेब, सोता पूजा करायच्या. लय मायाळू बाई, मंगलला लुगडं फाडून दुपटी दिल्याली त्यांनीच. सर साताऱ्याला गेलेले. माईसाहेबांनी कम्पुटरला माळ घातली, गंध लावलं, मग सर फ्लॉपी ठेवायचे त्या साबनाच्या डबीतनं ती काढली. "हे काय गं?"

"त्यात कच्चा आसतो, माईसाहेब. हिशेबाचा."

"मग खरं हत्यार हेच की." तिच्यावर हळदकुकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलानं पानी शिंपडलं. तिला एक पत्र्याचं बारीक दार आसतं, सरकवलं की उघडतं. माईसाहेबांनी ते सरकवलं, म्हनल्या, "आत बी लावू दे, देव आतच आसतो," आन् कुकवाचं बोट आत टेकवलं. मग पदरानं पुसली आन् कम्पुटरच्या खाचंत घालून ठेवली. समद्यांनी हात जोडले. मी बी जोडले, म्हनलं, म्हसवडच्या देवा, आता तूच बग.

दसरा झाला. कारखाना चालू झाला. मी मंगलला घेऊन गेटापाशी, झेंडूची वाळल्याली फुलं गोळा करत व्हते. आत वाफंचा आवाज चालू झालेला, पंखे गरगरत व्हते. आन् पलीकडं यष्टी थांबली, त्यातनं वझे सर उतरले. सोमवार न्हाई काय न्हाई. आन् ते थांबले न्हाईत. इकडं बगितलं न्हाई, तिकडं बगितलं न्हाई, छत्री न्हाई, एक चप्पल तुटून हातात, सरळ पळत सुटले रस्त्यात. ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला, शिवी घातली. सरांनी वळून बी बगितलं न्हाई.

मी हातातली फुलं टाकली आन् पोरीला कडंवर घेतलं. हा मानूस रस्ता न बगता आला म्हंजी काय झालं आसंल!

"म्हसवडकर कुठायत?"

"कुकरवर. का वो? का वो सर?"

"घरच्या कम्प्युटरवर फ्लॉपी न घालता पक्का चालवून बघितला मी. शून्य आलं. घंटी वाजली. कुकर केव्हा चालू केला?"

"मगाशीच की, आत वाफ सोडून बराच येळ झाला."

आन् घंटी वाजली.

एवढ्यात वाजायला नको व्हती. आत्ता तर कुठं तापून आलेला, गार व्हायचाच व्हता. सर पळाले, मी त्यांच्या मागनं, पोरगी कडंवर आदळतीया. आत वाफ, पंख्याचा आवाज, आन् लांब त्या टोकाला वर फळीवर आमचं मालक, पाठमोरं, झाकनाच्या चाकाला हात घातलेला. सर वराडले, "म्हसवडकर!" पन त्यांचा आवाजच फुटंना, करडू वराडल्यावानी. परत वराडले. माझ्याकडं वळले, तोंड पांढरं फटक. "वहिनी, तुम्ही! तुम्ही मारा हाक!"

मी वराडले, "आवंऽ!"

हितनं तितनं समद्यांनी बगितलं. बंडानं बगितलं, शेठनी काचंतनं बगितलं. आवं म्हंजी कोन? बायको आसलेला परतेक जन आवं. फकस्त ज्यांनी बगायचं ते बगंनात. चाक फिरलं. मी परत, "आवं! आवंऽ!" चाक अजून फिरलं.

"नावानं, वहिनी," सर म्हनले. "नावानं मारा."

मला आजून कळत न्हाई कसं आलं तोंडात. "सिदनाथ!" म्हनले. पयल्यांदा फुटलंच न्हाई नीट. "सिदनाथ!" मंगल रडाय लागली. "सिदनाथऽऽ!"

तिसऱ्या हाकंला त्यांची मान वळली. तोंड उघडं. जिवाची भीती नव्हती हो त्यांच्या डोळ्यात, बायकोनं भर कारखान्यात नाव घेतलं हीच भीती व्हती. आन् आपसूक त्यांच्या तोंडनं निघालं, "ओ?"

हात चाकावरनं सुटला.

सर त्या लोखंडी शिडीवरनं वर चढले. तीच शिडी, जिच्याखालनं जायला बी ते भ्यायचे. स्वेटरच्या बाहीनं काट्याची काच पुसली, पुसतच ऱ्हायले, आन् मग बाजूला झाले. काटा पार तांबड्या रेघंला टेकलेला. बंडा जाग्यावर खाली बसला. हे काट्याकडं बगत व्हते, मग माझ्याकडं, मग सोताच्या हाताकडं. मग ह्यांनीच वाफ बंद केली. कुकर गार व्हईपतोर कुनीच जाग्यावरनं हाललं न्हाई.

मग हापिसात फ्लॉपी काढली तर पत्र्याच्या दारातनं कुकू सांडलं. लालभडक. माईसाहेबांनी बगितलं आन् कपाळावर हात मारून घेतला, "अगं बाई, माझ्या हातनं गं..." रडाय लागल्या. सर त्यांच्याम्होरं उकिडवे बसले. "माई, तुम्ही पूजा केलीत. पूजेनं कोणी मरत नाही. फ्लॉपी आज ना उद्या जाणारच होती. ओ बघायची ओळ मी काढली होती. मी घाबरलो म्हणून काढली."

समद्यांसमूर म्हनले. शेठ खिडकीतनं भाईर बगत व्हते. सरांनी त्यांचं नाव घेतलं न्हाई.

त्याच दिशी ती ओळ परत घातली, परत भाजलं. मग समद्यास्नी बोलवलं, ह्यास्नी अगदी फुडं उभं केलं, आन् फ्लॉपीची खाच रिकामीच ठेवून चालू केलं. कम्पुटरनं एक हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. लाल दिवा लागला. बंडा एवढंच म्हनला, "सर, ह्यो दिवा कुनी इझवाय आला तर मला सांगा." आन् त्यानंतर ससा म्हनला न्हाई.

शेठ बी बदलले, काट्याची काच नवी बसवली, म्हनले, "सर, झालं गेलं इसरा, सोमवारी या." तर सर म्हनले, मी आता येत न्हाई.

मला ऱ्हाववंना म्हनून इचारलं, "सर, आता तर समदी तुमचं ऐकत्यात."

ते पेन्सिली डबीत भरत व्हते. "वहिनी, पुढच्या वर्षी शेठ परत ओरडले, तर मी परत ती ओळ काढीन. मला मी माहीत आहे." डबी बंद करून दोनदा दाबून बगितली. "इथं असा माणूस पाहिजे जो कुकरला भितो आणि शेठला भीत नाही. मी दोघांनाही भितो."

मी पोरीला ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं.

सांगलीच्या स्टँडवर त्यास्नी सोडाय आमी दोघं गेलो. ह्यांनी त्यांची पिशवी धरलेली. हे त्या दिसापासनं माझ्यासंगं कमी बोलत व्हते, रागानं न्हाई, मी नाव घेतल्यालं त्यांच्या कानातनं जात नसंल. सर साताऱ्याच्या गाडीत बसले, बसायच्या आदी सीट हलवून बगितली. खिडकीची काच वर व्हते का खाली व्हते बगितलं. मग खाली माझ्याकडं बगून म्हनले, "वहिनी, पोरीला भित्री म्हणून ओरडू नका हं कधी."

कंडक्टरनं घंटी मारली. सरांनी म्होरला गज धरला, मी मंगलचा दंड धरला. दोघांनी एकमेकांस्नी बगितलं आन् दोघास्नी बी हसू आलं.

गाडी हालली तवा त्यांनी हाक मारली, "मंगलबाई!"

पोरगी अंगठा चोखत बगतीया.

आवं, जो मानूस यष्टीच्या खिडकीतनं कधी कोपर भाईर काढत नव्हता, त्यानं मुंडकं भाईर काढलं. "मंगलबाई!" गाडी वळाय लागली. चष्म्याची दोरी वाऱ्यानं उडतीया. "मंगलबाईऽ!"

आन् थांबले. म्हंजी गाडी चाललीया, पन ते थांबलेले, ओ यीपतोर थांबायचं आसतं तसे, मान वळवून, आमच्याकडं तोंड करून. गाडी गेटातनं भाईर गेली.

मंगलनं अंगठा काढला. "ओ," म्हनली. बारीक. पयलंच तिचं बोलनं.

मी ह्यांच्याकडं बगितलं. ह्यांनी हातातला टावेल खाली टाकला आन् गाडीच्या मागं पळत सुटले, रिक्षांच्या मधनं, हात वर करून, "सर! आली! ओ आलीऽ!"

धुरळा उडाला. खिडकीतलं मुंडकं आत गेलं का भाईर ऱ्हायलं, मला दिसलं न्हाई.